जर्मनीत शिकायला जाताना: विमानतळापासून निवास परवान्यापर्यंत

२ ऑक्टोबरला, गुरुवारी रात्री पावणेअकरा वाजता मी विद्यार्थी वसतिगृहाच्या दारात दोन बॅगा घेऊन उभी होते. दार बंद. किल्ल्या देणारा हाउसमाइस्टर दुपारीच घरी गेलेला. दुसऱ्या दिवशी ३ ऑक्टोबर, जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस, म्हणजे देशभर सुट्टी. त्यापुढे शनिवार आणि रविवार. खोलीचा करार माझ्या नावावर होता, पहिल्या महिन्याचं भाडं भरलेलं होतं, आणि किल्ली मिळणार होती थेट सोमवारी.

ते तीन दिवस मी स्टेशनजवळच्या एका हॉस्टेलच्या आठजणींच्या खोलीत काढले. पैसे गेले त्याचं फार वाटलं नाही. पण तीन दिवसांनी सुरुवात झाली म्हणून पुढची प्रत्येक गोष्ट लांबली, आणि ते मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. जर्मनीत पहिल्या महिन्यात एक कागद पुढच्या कागदाची वाट मोकळी करतो. खोली मिळाली की घरमालकाचं पत्र, त्या पत्रावर पत्त्याची नोंदणी, नोंदणीवर बँकेचं खातं, खात्यावर ब्लॉक्ड अकाउंटचे (म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या, दरमहा ठरावीक रक्कम सोडणाऱ्या खात्याचे) पैसे, आणि हे सगळं हातात असेल तर निवास परवाना. सुरुवातीचा एक कागद अडला की मागचे सगळे अडतात. खालचा क्रम याच हिशेबाने लावला आहे.

१. तिकीट काढण्याआधी कॅलेंडर बघा

बहुतेक विद्यापीठांचं हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं, वर्ग साधारण महिन्याच्या मध्याला भरतात. फाखहोखशूल म्हणजे उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठांत बरेचदा सप्टेंबरपासूनच सुरुवात असते. वसतिगृहाचे करारही सहसा १ तारखेपासून असतात. त्यामुळे सगळे एकाच आठवड्यात येऊन धडकतात.

सोमवार ते बुधवार यांपैकी एखाद्या दिवशी सकाळी पोचाल असं विमान निवडा. रात्री निघून पहाटे उतरणारं असेल तर उत्तम, कारण उशीर झाला तरी तुमच्या हातात दिवस राहतो. ३ ऑक्टोबर टाळा. १ नोव्हेंबरलाही बऱ्याच राज्यांत सुट्टी असते. सुट्ट्या प्रत्येक राज्याच्या वेगळ्या, म्हणून आपल्या राज्याची यादी बघा.

तिकीट काढल्यावर त्याच दिवशी वसतिगृहाला ईमेल करून तीन प्रश्न विचारा: किल्ली कोण देणार, कोणत्या वारी किती ते किती, आणि उशीर झाला तर काय. माझ्या करारात किल्लीची वेळ तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात होती. मी भाड्याचा आकडा वाचला, ते पान वाचलं नाही.

२. कागद, हातातल्या बॅगेतच

खालचं सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि तो फोल्डर केबिन बॅगेत. चेक-इन बॅग हरवू शकते.

- पासपोर्ट आणि त्यावरचा राष्ट्रीय व्हिसा (डी प्रकारचा)
- विद्यापीठाचं प्रवेशपत्र
- एपीएस प्रमाणपत्र (भारतातल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं). भारतात आधीचं शिक्षण झालेल्या बहुतेकांना १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी ते लागतं, आणि नावनोंदणीच्या वेळी विद्यापीठही मागू शकतं
- पदवी आणि गुणपत्रिकांच्या मूळ प्रती, शिवाय साक्षांकित प्रतींचे दोन संच
- भाषेच्या परीक्षेचं मूळ प्रमाणपत्र
- ब्लॉक्ड अकाउंटचं पुष्टिपत्र
- आरोग्य विम्याचं पत्र, आणि प्रवासाच्या दिवसांचा वेगळा विमा
- खोलीचा करार किंवा पहिल्या काही रात्रींचं बुकिंग
- जन्मदाखला (सहसा लागत नाही, पण लागला तर तिथून मागवणं फार जड जातं)
- चष्म्याचा नंबर आणि नेहमीच्या औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी

सगळ्याचे स्कॅन फोनमध्ये आणि ईमेलवर असूद्यात. शिवाय मुक्कामाचा पत्ता एका कागदावर लिहून खिशात ठेवा. फोन संपला की तो कागदच उपयोगी पडतो. माझा फोन फ्रँकफर्टला उतरतानाच सात टक्क्यांवर आला होता.

३. बॅगेत काय आणि काय नाही

भारतातून निघणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक खाण्यापिण्यात होते. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशांना मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ आणता येत नाहीत. यात तूप येतं, पेढे येतात, खव्याची कुठलीही मिठाई येते. घरच्यांनी मायेने बांधलेला डबा कस्टम्सवाल्यांनी काढून घेतला की फार लागतं, म्हणून त्यांना हे आधीच समजावून सांगा. मसाले, डाळी, चटण्या चालतात. दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर ती जाहीर करावीच लागते.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका, ती केबिन बॅगेतच न्यायची असते. आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथे बसत नाही, म्हणून दोन अ‍ॅडॉप्टर आणि एक आपल्याकडचा एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. विजेचा दाब जवळपास सारखाच आहे, त्यामुळे चार्जर चालतात.

आणि भारतातला फोन नंबर बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. निघण्याआधी रोमिंगमध्ये एसएमएस येतील अशी सोय करून, एकदा तपासून घ्या. माझ्या एका वर्गमैत्रिणीचा नंबर तिच्या घरच्यांनी "आता काय उपयोग" म्हणून बंद केला. त्यानंतर तिला भारतातल्या खात्यातून स्वतःची फी भरता येईना.

४. विमान आणि इमिग्रेशन

सरळ फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला जाणारं विमान नसेल, तर आधी कोणत्या देशात उतरता ते बघा. मधला थांबा शेंगेन क्षेत्रात (आपापसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) असेल, समजा अ‍ॅम्स्टरडॅम, तर इमिग्रेशन तिथेच होतं आणि रांग तिथेच लागते. अशा वेळी दीड तासाचा थांबा अपुरा पडतो. मी तीन तासांखालचा घेणार नाही.

अधिकारी फार विचारत नाहीत. कुठे शिकणार, किती दिवस, राहणार कुठे, पैसे कसे. कागद मागतील तेव्हा शांतपणे काढून द्या.

बॅग आली नाही तर विमानतळाच्या बाहेर पडू नका. आधी सामान-तक्रारीच्या काउंटरवर लेखी नोंद करून त्याची प्रत आणि क्रमांक घ्या. बॅगेचा टॅग नंबर बोर्डिंग पासवर चिकटवलेला असतो, तो जपा. बॅग फुटलेली आली तर मॉन्ट्रियल करारानुसार सात दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, उशिरा आली तर ती हातात आल्यापासून एकवीस दिवसांत.

५. विमानतळावरून शहरात: रेल्वेचं तिकीट

माझं गणित इथेच चुकलं. मी महिनाभर आधी स्वस्तातलं श्पारप्राइस तिकीट काढलं होतं. त्याला त्सुगबिंडुंग असतं, म्हणजे ते त्या ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं. आमचं विमान भारतातूनच चार तास उशिरा निघालं, गाडी गेली आणि तिकीट वाया गेलं. काउंटरवरच्या बाईंनी नियम नीट समजावून सांगितला: रेल्वेच्याच उशिरामुळे तुम्ही २० मिनिटांहून जास्त उशिरा पोचणार असाल तर बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. विमानाचा उशीर त्यात मोडत नाही.

म्हणून विमानतळावरून पहिल्या प्रवासासाठी पुढच्यापैकी एक करा. विमान कंपनी विमानाच्या तिकिटासोबतच रेल-अँड-फ्लाय तिकीट देत असेल तर ते घ्या, ते एका गाडीला बांधलेलं नसतं. नाहीतर फ्लेक्सप्राइस, म्हणजे त्या मार्गावरच्या कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट. किंवा उतरल्यावर तिथेच काढा. थोडे पैसे जास्त जातील, पण त्या दिवशी तुमच्या डोक्याला इतर ताप पुष्कळ असतात.

गाडीत चढताना काही गोष्टी लक्षात असूद्यात:

फ्रँकफर्ट विमानतळाला दोन स्टेशनं आहेत. लांब पल्ल्याच्या गाड्या फर्नबाहनहोफवरून, जवळच्या गाड्या टर्मिनल १ च्या खालच्या रेगिओनालबाहनहोफवरून. तिकिटावर कुठलं आहे ते वाचा. 

एका नावाची दोन शहरं असतात. फ्रँकफर्ट आम माइन आणि पोलंडच्या सीमेवरचं फ्रँकफर्ट ओडर ही एकमेकांपासून फार लांब आहेत.

काही गाड्यांचे वाटेत दोन भाग होतात आणि ते वेगवेगळ्या शहरांना जातात; हाम स्टेशनवर असं नेहमी होतं. त्यामुळे नुसती गाडी बरोबर असून भागत नाही, डबाही बरोबर हवा. डब्याच्या दाराजवळच्या पाटीवर शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. कधी डब्यांचा क्रमच उलटा येतो, तेव्हा फलाटावर ए, बी, सी अशा अक्षरांखाली उभं राहून शेवटच्या क्षणी धावावं लागतं. दोन बॅगा घेऊन ती धावपळ अंगावर येते. फलाट बदलल्याची घोषणा जर्मनमध्ये होते, म्हणून कान "ग्लाइस" या शब्दाकडे ठेवा. ग्लाइस म्हणजे फलाट.

सत्राच्या शुल्कात बहुतेक ठिकाणी प्रवासाचं तिकीट येतं. ते लोकल, बस आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही. सुरुवातीला बरेच जण चुकून त्या गाड्यांत बसतात आणि दंड भरतात.

६. पहिली रात्र, पहिला रविवार

रविवारी दुकानं बंद असतात. किराणा, कपडे, भांडी, सगळंच. मोठ्या स्टेशनांतली काही दुकानं तेवढी उघडी असतात. शनिवारी संध्याकाळपर्यंत ब्रेड, दूध, अंडी, तांदूळ आणि टॉयलेट पेपर आणून ठेवा. खोलीत बरेचदा उशी-पांघरूण नसतं, क्वचित बल्बही नसतो. एक पातळ चादर भारतातून आणलीत तर पहिल्या रात्री बरं वाटेल.

नळाचं पाणी पिता येतं. बाटल्या आणि डबे फेकू नका, बहुतेक एकदा-वापराच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते आणि दुकानातल्या यंत्रात ती परत मिळते. रात्री दहानंतर आवाज नको. अडचणीला ११२ म्हणजे रुग्णवाहिका आणि अग्निशमन, ११० म्हणजे पोलीस. जिवावरचं नसेल पण दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७.

७. पत्रपेटीवर नाव लावा

हे काम किल्ली मिळाल्याच्या पहिल्या तासात करा. मी याला एवढं महत्त्व का देते ते सांगते.

जर्मनीत महत्त्वाचं सगळं अजूनही पोस्टाने येतं. बँकेचं कार्ड एका लिफाफ्यात, त्याचा पिन दुसऱ्या लिफाफ्यात. कर क्रमांक पोस्टाने. विम्याचं कार्ड पोस्टाने. आणि पोस्टमन खोलीचा क्रमांक नाही, पेटीवरचं नाव बघतो. माझ्या पेटीवर आधीच्या मुलाचं नाव होतं आणि मला वाटलं, पत्ता तर बरोबर आहे. बँकेचा पिन "असा कोणी राहत नाही" म्हणून परत गेला. मला ते कळलं बारा दिवसांनी. नवा पिन यायला आणखी आठवडा गेला. तोवर कार्ड हातात असून पैसे काढता येत नव्हते, आणि मी भारतातून आणलेल्या रोख रकमेतून मोजून मापून दिवस काढत होते.

तेव्हा कागदाच्या पट्टीवर, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने नाव लिहा आणि पेटीवर आणि बेलवर चिकटवा. कोणाच्या घरी तात्पुरते राहत असाल, तर पत्त्यात त्यांच्या नावाआधी "बाय" असं लिहायचं असतं, म्हणजे "अमुक यांच्याकडे". आडनाव लांब असेल तरी ते कापू नका.

८. आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी

खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत शहराच्या ब्यूर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक सेवा कार्यालयात, नोंदणी करायची, असा कायदा आहे. लागतात तीन गोष्टी: पासपोर्ट, भरलेला फॉर्म, आणि वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. या लांबलचक शब्दाचा अर्थ एवढाच, की घर देणाऱ्याने "ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहते" असं सही करून दिलेलं पत्र. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. किल्ली घेतानाच हे पत्र मागून घ्या, नाहीतर पुन्हा हाउसमाइस्टरची वेळ गाठावी लागेल.

खरी अडचण भेटीच्या वेळेची. मोठ्या शहरांत आठवडे वाट बघावी लागते. निघण्याआधी भारतातूनच वेळ घ्या. मिळत नसेल तर सकाळी लवकर संकेतस्थळ उघडून बघा, रद्द झालेल्या वेळा तिथे दिसतात. काही ब्यूर्गरआम्ट शहरातल्या कुठल्याही भागातल्या माणसाची नोंदणी करतात, तेव्हा लांबच्या कार्यालयाचीही वेळ घ्या. वेळ उशिराची मिळाली तर ती घेतल्याचा ईमेल जपून ठेवा, आपण प्रयत्न केला हे त्यातून दिसतं.

फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. तो चर्चच्या कराशी जोडलेला आहे, म्हणून काय लिहिता ते विचार करून लिहा. नोंदणीचा दाखला मिळाला की त्याच्या तीन प्रती काढा. दोन-तीन आठवड्यांत कर क्रमांकाचं पत्र येतं. अर्धवेळ काम करायचं असेल तर ते लागतं.

मग रुंडफुंकबाइट्राग नावाचं आणखी एक पत्र येतं. घाबरू नका, ती फसवणूक नाही. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचं शुल्क आहे, महिन्याला १८.३६ युरो, आणि ते माणशी नाही तर घरामागे असतं. घर वाटून राहत असाल तर एकाने भरायचं आणि बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा.

खोलीच अजून मिळाली नसेल तर एक ताकीद. बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका. "मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली पोस्टाने येईल" असं कोणी म्हणालं तर तो फसवतो आहे, मग फोटो कितीही सुंदर असोत. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी असते आणि तीन हप्त्यांत देता येते. तात्पुरत्या जागी राहणार असाल तर ती जागा नोंदणीचं पत्र देते का, हे बुकिंगच्या आधी विचारा. स्वस्त जागा बरेचदा देत नाहीत, आणि मग सगळं इथेच अडकतं.

९. पैसे: पहिला महिना स्वतःच्या खिशातून

१ सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. ही रक्कम वाढत असते, अर्ज करताना ताजा आकडा बघा. घरच्यांना वाटतं, एवढे पैसे भरलेत म्हणजे पोचल्यावर मुलीला कमी पडणार नाही. पण तो पैसा जर्मनीतलं चालू खातं उघडून, ते जोडून, पडताळणी झाल्याशिवाय सुटत नाही. त्यात तीन-चार आठवडे सहज जातात.

तेवढ्या काळाचं भाडं, अनामत, सत्र शुल्क आणि जेवणखाण यांची सोय वेगळी करा. फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोख, दोन्ही घ्या. लहान दुकानांत अजूनही रोखीशिवाय चालत नाही.

१०. विमा आणि विद्यापीठातली नावनोंदणी

नावनोंदणीसाठी आरोग्य विमा लागतो. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारी विम्याचा विद्यार्थी दर मिळतो, महिन्याला साधारण १४० ते १५० युरो. विमा कंपनी विद्यापीठाला थेट ऑनलाइन कळवते, तेव्हा तुमच्याकडे कागद नसला तरी काळजी नको, फक्त "कळवलंत का" असं विचारून खात्री करा.

सापळा असा: खाजगी विमा स्वस्त दिसतो. तो घ्यायचा तर सरकारी विम्यातून सूट मागावी लागते, आणि ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. भारतातून निघताना एजंटने दिला म्हणून सही करू नका.

नावनोंदणीची शेवटची तारीख प्रवेशपत्रात असते. ती चुकली तर जागा जाते, म्हणून पोचायला उशीर होणार असेल तर आधीच लिहून मुदत मागा. विद्यापीठाचं खातं सुरू झालं की एड्युरोम वाय-फाय लावून घ्या, ते जगभरच्या अनेक विद्यापीठांत चालतं.

११. निवास परवाना

व्हिसा ज्या दिवशी संपतो त्याच्या आत आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे, अर्ज पोचला पाहिजे. भेटीची वेळ मिळायला महिने लागतात, म्हणून आनमेल्डुंग झाल्याच्या संध्याकाळीच अर्ज करा. पासपोर्ट, नोंदणीचा दाखला, विद्यापीठाचं प्रमाणपत्र, विमा आणि पैशांचा पुरावा लागतो. १ मे २०२५ पासून परवान्यासाठी कागदी फोटो चालत नाही, डिजिटल लागतो. तो फोटो-स्टुडिओत किंवा कार्यालयातल्या यंत्रावर काढता येतो.

अर्ज वेळेत केला पण कार्ड आलं नाही, तर फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचं तात्पुरतं पत्र मिळतं. ते मागून घ्या, आणि ते हातात असताना भारतात येऊन परत जाता येईल का हे त्याच कार्यालयाकडून लेखी विचारा, कारण त्याचे प्रकार आहेत आणि सगळ्यांवर प्रवास चालत नाही. माझ्यासोबतच्या एका मुलाने दिवाळीचं तिकीट आधी काढलं आणि हा प्रश्न नंतर विचारला. त्याला तिकीट रद्द करावं लागलं.